बोटांचा चौकोन

मधुकरच्या अंत्ययात्रेला मी चुकीच्या घाटावर गेलो.

निरोप सकाळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या फोनवर आला. फोन गौतमचा होता. "मधू गेला. अकरा वाजता घाटावर ये," एवढंच तो बोलला आणि फोन ठेवला. कोणत्या घाटावर, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. मधू महाल भागाच्या मागच्या विणकरांच्या गल्लीत राहायचा आणि त्या गल्लीतली माणसं आजोबा-पणजोबांपासून गंगाबाई घाटावरच जात आलेली आहेत. मी मात्र स्कूटर काढली आणि सरळ अंबाझरीचा घाट गाठला. का, ते नीट सांगता येणार नाही. अंबाझरीचं तळं, मोकळं आकाश, झाडं... आपला मधू तिथंच असणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिथं एक अंत्ययात्रा आलेलीही होती. मी मागे उभा राहिलो, डोळे पुसले, कोणीतरी हातात दिलेलं लाकूडही वाहून नेलं. अर्ध्या तासानं एका गृहस्थानं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "रडू नका. नव्वद वर्षांचे होऊन गेले, सोनं झालं त्यांचं."

मधू अडतीस वर्षांचा होता.

गंगाबाई घाटावर पोचलो तेव्हा लोक नळावर हातपाय धुऊन परत निघाले होते. गौतमनं मला पाहिलं आणि बाकावर थोडं सरकून जागा करून दिली. मधूचे वडील पायरीवर बसले होते. त्यांनी मान वर केली. "कोठी होता गा?" मी म्हणालो, "अंबाझरीले." त्यांनी हळूच मान हलवली. आश्चर्य वाटल्याचं एकही चिन्ह त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. ते तसं का, हे मला त्यानंतर महिन्याभरानं कळलं आणि तेच सांगण्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

मधू रेडिओ दुरुस्त करायचा. गल्लीच्या तोंडाशी त्याचं टपरीएवढं दुकान होतं आणि त्यात बंद पडलेल्या रेडिओंची अशी रास असायची, की त्याला शोधायचं तर आधी हाक मारावी लागे. त्या मेलेल्या रेडिओंतून सामान काढून त्यानं स्वतःच एक अॅम्प्लिफायर बनवला होता. चालू केला की पहिली दोन मिनिटं त्यावर कुठल्यातरी केंद्राच्या बातम्या लागायच्या, मग गिटार वाजायची. गिटार त्याला कामठीच्या छावणीतून बदली होऊन गेलेल्या एका फौजीनं जाताना दिलेली. तिच्यावर तो आपापला शिकला. गौतम इंदोरा वस्तीतला; छप्पनच्या दीक्षेला वडिलांच्या खांद्यावर बसून गेलेला, पुढे रेल्वेत लागलेला आणि सुटीच्या दिवशी लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवणारा. हे दोघं मिळून जे वाजवायचे त्याला आम्ही रॉक म्हणायचो, गल्ली त्याला कटकट म्हणायची. बँडचं नाव 'लू', उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याचं. नाव मीच ठेवलं होतं. नाव ठेवण्यापलीकडे माझा काही उपयोग नव्हता. मला वाजवता येत नव्हतं आणि गायला लागलो की गौतमला रेल्वेची ड्यूटी आठवायची.

मग रंगीत टीव्ही आला. त्याच सुमारास माझ्या एका श्रीमंत मावसभावाकडे आखातातून व्हीसीआर आला आणि त्यावर मी परदेशी गाण्यांची एक कॅसेट पाहिली. लांब केसांची माणसं कड्यावर उभी राहून गात होती, मागे धूर, पुढे वारा... मी ती कॅसेट एका बैठकीत तीनदा पाहिली आणि उठलो तो दिग्दर्शक होऊनच. मुंबईत टीव्हीवर तरुणांसाठी एक कार्यक्रम सुरू होणार आहे, चित्रित केलेलं गाणं पाठवलं तर ते विचार करतील, असंही कोणीतरी कुठूनतरी सांगितलं. लग्नाचे व्हिडिओ काढणारे तेव्हा शहरात दोघंच होते. त्यांच्यातला सदर भागातला एकजण एका रविवारपुरता कॅमेरा घेऊन यायला तयार झाला. एकच दिवस. म्हणजे आधी जागा पक्क्या करायला हव्या होत्या. मी एक वही घेतली, वर 'लोकेशन' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

गाणं मधूचं होतं. 'दुपार ताणली, तुटत नाही... सुताचा आवाज सुटत नाही...' अशी त्याची सुरुवात. खटक्-खट, एक श्वास, खटक्-खट अशी त्याची चाल. गौतमनं ती पहिल्यांदा वाजवली तेव्हा मधूनं त्याला थांबवून म्हटलं होतं, "जल्दी नको करू. धोटा इकडून तिकडे जायाले टाईम लागते." ती चाल त्याच्या घरातून आली होती. घराच्या मागच्या खोलीत त्याच्या वडिलांचा हातमाग होता, जमिनीत खड्डा करून बसवलेला. विणणारा काठावर बसून पाय खड्ड्यात सोडतो, पायानं पट्ट्या दाबतो आणि हातानं धोटा फेकतो. जन्मापासून मधू तो ताल ऐकत होता. ही गोष्ट मला माहीत होती. माहीत नव्हती, असं म्हणून मला सुटता येणार नाही.

तीन आठवडे आम्ही गौतमच्या स्कूटरवर तिघं बसून जागा पाहात फिरलो. मी दोन्ही हातांच्या बोटांचा चौकोन करायचो, एक डोळा मिटायचो आणि त्या चौकोनातून जग पाहायचो. ही कला मी मासिकातल्या एका फोटोवरून शिकलो होतो. मधूनं एकदा तसाच चौकोन करून माझ्या तोंडासमोर धरला आणि गंभीरपणे म्हणाला, "हे लोकेशन मातर खराब आहे गा." मी बोटांतून पाहायचो आणि मधू कानांनी. नव्या जागी गेलो की तो मधोमध उभा राहायचा, एक टाळी वाजवायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. तळ्याच्या बांधावर म्हणाला, "पसरून जाते." कन्हानच्या पुलाखाली म्हणाला, "दोनदा येते. एक खरी, एक खोटी." मी त्याला चिडवायचो, "अबे, आवाज तर कॅसेटवरून येणार आहे. कॅमेऱ्याले टाळी दिसते का?" तो हसायचा. "तरी. जागेले इचारून घेतलेलं बरं."

जागेला विचारणं राहिलं बाजूला, माणसांनीच आम्हाला इतकं विचारलं! मौद्याच्या रस्त्यावर एका माणसानं सायकल थांबवून चौकशी केली, "काहून फिरून राहिले?" जागा पाहून राहिलो, असं म्हटल्यावर तो खूश झाला आणि आम्हाला त्याच्या साळ्याचा प्लॉट दाखवायला घेऊन गेला. कामठीला मी छावणीच्या फाटकाचं चित्र वहीत काढत असताना मागून एक जवान आला. पुढचे दोन तास आम्ही एका झाडाखाली बसून होतो. अधिकाऱ्यानं वही चाळली. 'धूर इथून यावा', 'इथे स्फोट झाल्यासारखं वाटावं' असल्या माझ्या टिपणांनी परिस्थिती सुधारली नाही. शेवटी मधूनं विचारलं, "साहेब, तुमचा रेडिओ काहून खरखरून राहिला?" आणि मागायच्या आत स्क्रू-ड्रायव्हर काढला. पंधरा मिनिटांत रेडिओ साफ वाजायला लागला आणि आम्ही सुटलो. वही मात्र जप्त झाली. मला वाटलं अर्धं करिअर तिथंच गेलं.

उमरेडला कोळशाच्या खाणीबाहेर मातीचे काळे डोंगर होते. ते पाहिल्याबरोबर मी ओरडलोच, "हेच!" मधूनं टाळी वाजवली. बराच वेळ तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "काहीच परत येत नाही इथं." मी म्हणालो, हाच तर रॉक.

परतताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एक जागा राहिली. उद्या दुपारी घरी ये."

घरी म्हणजे मागच्या खोलीत. मधू आणि त्याचे वडील दोन वर्षांपासून एकमेकांशी बोलत नव्हते. मधूनं मागावर बसायला नाही म्हटलं, त्या दिवसापासून बाबांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. घरात जे काही बोलायचं ते मायच्या मार्फत चालायचं. बाबा खाटेवरून म्हणायचे, "त्याले म्हणावं, नळ आला." मधू दोन हातांवरून म्हणायचा, "माय, त्यांले सांग, ऐकू आलं." मधली ती बिचारी दोघांची वाक्यं उचलून ठेवत बसायची. त्यात आता माग जाणार होता. सूत देणाऱ्या व्यापाऱ्यानं यापुढे सूत देणार नाही असं कळवलं होतं; लुगडं हातमागाचं कोणी घेत नाही म्हणे. महिन्याभरात माग मोडून खोली रिकामी करायची ठरली होती.

मी खोलीत गेलो तेव्हा बाबा विणत होते. त्यांनी मान वर केली नाही. भिंती शेणामातीच्या, वर एकच झरोका, त्यातून उन्हाची तिरकी पट्टी बरोबर मागावर पडलेली, सुतावर धुळीचे कण तरंगणारे... हे सगळं मला आज दिसतं. तेव्हा दिसला तो अंधार. मधू दाराशी उभा राहिला आणि त्यानं एक टाळी वाजवली. बाबांचा हात अर्ध्या क्षणापुरता थांबला. मग धोटा पुन्हा चालू झाला, खटक्-खट. मधूचे डोळे मिटलेले होते. मी बोटांचा चौकोन केला, एक डोळा मिटला, डावीकडून उजवीकडे फिरवला आणि मोठ्यानं म्हणालो, "अंधार आहे. इथं काहीच नाही गा."

त्या माणसासमोर. चाळीस वर्षं ज्या खड्ड्यात त्यानं पाय सोडले होते त्याच्या काठावर उभं राहून.

रस्त्यावर आल्यावर मधू म्हणाला, "रविवारी सगळं झाल्यावर फक्त अर्धा घंटा. बाबा मागावर बसतील, मी बाजूले उभा राहून म्हणीन. त्यायले मी मायच्या तोंडून विचारतो." मी म्हणालो, "बघू." दिग्दर्शकाच्या तोंडी या शब्दाचा एकच अर्थ असतो आणि तो त्यालाही समजला असणार. तरी त्यानं मान डोलावली.

रविवारचं फार सांगत नाही. उमरेडला वारा असा होता की काळी धूळ मधूच्या पांढऱ्या सदऱ्यावर, दातांवर, गिटारीच्या भोकात. गाणं आम्ही टेपरेकॉर्डरवर लावलं होतं. त्यावर ओठ हलवायचे, ड्रम वाजवायचे, असं ठरलेलं. तीन आठवडे प्रत्येक जागी ते गाणं वाजवून मी बॅटरीचे सेल संपवत आणले होते, हे माझ्या लक्षात आलं नाही. गाणं म्हशीच्या चालीनं चाललं. गौतम मध्येच थांबून म्हणाला, "डायरेक्टर, हे रॉक आहे का भजन?" मी म्हणालो, वाजव, वाजव. त्यामुळे पुढे मूळ गाण्यावर चित्र बसवलं तेव्हा मधू गाऊन संपायचा आणि पडद्यावरचा मधू तोंड उघडून उभाच असायचा.

परतताना कॅमेऱ्याच्या बॅटरीत दहा-बारा मिनिटं उरली होती. दिवस कलायला लागला होता. मधू म्हणाला, "चाल न गा. रस्त्यातच आहे घर." मी पश्चिमेकडे पाहिलं, बोटांचा चौकोन केला आणि म्हणालो, "नाही. अंबाझरी. तळ्यात सूर्य बुडताना... शेवट असा पाहिजे." आम्ही अंबाझरीला गेलो. मी कॅमेरेवाल्याला सरळ सूर्यावर कॅमेरा धरायला लावला. तो नको नको म्हणत होता. त्या जुन्या कॅमेऱ्यांच्या आतली काच सूर्याकडे पाहिली की जळायची, हे त्याला ठाऊक होतं. मला नव्हतं आणि मी ऐकूनही घेतलं नाही. त्यानंतरच्या प्रत्येक चित्रात मधूच्या कपाळावर एक हिरवट डाग आहे. मुंबईहून कॅसेट परत आली. सोबत एका ओळीची चिठ्ठी: चित्र आणि आवाज जुळत नाहीत.

दोन आठवड्यांनी माग मोडला. मी तेव्हा गेलो नाही. लाजेनं, असं म्हणायला आवडेल. खरं म्हणजे आठवणच राहिली नाही. बापलेकांचं बोलणं पुढे हळूहळू सुरू झालं, असं मायनं सांगितलं; पण नळ, भाजी, औषध... त्यापलीकडे गेलं नाही. मधूनं रिकाम्या खोलीत गिटार नेली. बाबा म्हणाले, खड्डा बुजवून टाक, कोणी पडेल. मधूनं बुजवला नाही. तो काठावर बसायचा, पाय खड्ड्यात सोडायचा आणि वाजवायचा. मी त्याला विचारलं, खाली कशाला बसतो? म्हणाला, "इथून आवाज बरोबर येते." त्या रविवारबद्दल तो मला सहा-सात वर्षांत एक शब्दही बोलला नाही. उलट कोणी पाहुणा आला की माझी ओळख करून द्यायचा, "हे आमचे डायरेक्टर."

मग कावीळ झाली, ती उलटली आणि अकरा दिवसांत सगळं आटोपलं. शेवटचा भेटलो तो दवाखान्यात. उंच छताचा लांबलचक वॉर्ड. मी बसलो तेव्हा त्यानं चादरीतून पिवळे हात बाहेर काढले आणि एक टाळी वाजवली. टाळी कसली, हाताला हात लागला एवढंच. मान तिरकी करून त्यानं ऐकलं. "इथं आवाज मरते गा," तो म्हणाला. "मले घरी ने." मी म्हणालो, "बघू."

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. माय बाजारात गेली होती. बाबा मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. गिटार खुंटीला होती. खड्ड्याच्या काठावरची माती दोन ठिकाणी गुळगुळीत झालेली, जुन्या बसणाऱ्याची आणि नव्याची. झरोक्यातून तीच पट्टी पडली होती. मी दाराशी उभा राहून एक टाळी वाजवली. आवाज भिंतींवरून खाली खड्ड्यात गेला आणि तिथून भरून वर आला... तीन आठवडे जिल्हाभर हिंडून मी जे शोधत होतो ते.

बाबांनी खड्ड्याकडे पाहिलं. मग सांगायला लागले, जणू मी कालच विचारलं होतं.

"त्या रविवारी तुम्ही येणार होते. त्यानं त्याच्या मायले सांगतलं, कॅमेरा रंगीत आहे, बाबायले म्हणा लाल रंग चांगला दिसते. मी लाल ताणा चढवला. घरचंच सूत होतं थोडं. सहा दिवस लागले. धुतलेलं धोतर नेसलं आन् दुपारपासून बसून होतो मागावर. दिवे लागले, मंग तो एकटाच आला. कायाकुट्ट झाला होता कोयशानं. दारात उभा राहून ताण्याकडे पाहात राहिला." त्यांनी धोतराचा काठ सारखा केला. "दोन वर्षांनी माह्याशी बोलला. म्हणे, बाबा, उठा आता, जेवून घ्या."

मी विचारलं, "मग?"

"मंग काय. उठलो. तुम्ही अंबाझरीले गेलते, ते त्याच्या मायनं मंग सांगतलं."

"बाबा, मले त्यानं कधी सांगितलंच नाही."

"तो कायले सांगन? तुह्या मनाले लागन म्हणून नसन सांगतलं."

मला काहीतरी म्हणायला हवं होतं. सुचलं ते असं, "बाबा, तेव्हा मले दिसलं नाही."

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग दोन्ही हातांच्या बोटांचा चौकोन केला, एक डोळा मिटून माझ्यावर धरला आणि खाली सोडला.

"ते कॅमेऱ्याचं मशीन बरं होतं गा तुह्यापेक्षा," ते म्हणाले. "मधू सांगे, त्याचा डोया जळला म्हणून त्याले दिसत नव्हतं. तुहा तं चांगला होता."